मशीनच्या पोटातलं खोबरं

"मॅडम, सूत हिरवं आलंय."

फोनवर वैशाली होती. मी दौंडच्या एका प्रोसेस हाउसमध्ये, म्हणजे कापड रंगवायच्या कारखान्यात, बॉयलरशेजारी उभी होते, त्या आवाजात धड ऐकू येईना. मी बाहेर येऊन म्हटलं, "हिरवं कसं येईल? लॉट आभाळी रंगाचा आहे ना?"

"तेच तर सांगतीय. आभाळी टाकलं आन् हिरवं आलं. साहेब म्हणत्यात, मशीन परत पाठवा. आन् मला शेडमधी पाऊल टाकू देत न्हाईत."

शेवटचं वाक्य ऐकलं आणि माझं डोकं फिरलं. रंग चुकतो. आयुष्यभर रंगखात्यात काढल्यावर मला त्याचं नवल नाही. पण रंग का चुकला हे जिला सांगता येईल तिलाच दाराबाहेर उभं करायचं, हा कुठला शहाणपणा? मी हातातलं काम तिथल्या सुपरवायझरच्या गळ्यात घातलं आणि गाडी न्हावऱ्याच्या रस्त्याला लावली.

वाटेत आहे तोवर थोडं मागचं सांगते. मी टेक्स्टाइल केमिस्ट. मोठ्या गिरण्यांच्या रंगखात्यांत नोकऱ्या केल्या आणि आता छोट्या रंगाऱ्यांकडे नवीन मशीन बसवून ती चालू करून देते. त्याला कमिशनिंग म्हणतात. मशीन ट्रकमधून उतरल्यापासून पहिला चांगला लॉट बाहेर पडेपर्यंत जबाबदारी माझी. लॉट म्हणजे एकाच वेळी, एकाच पाण्यात रंगवलेलं सूत.

न्हावऱ्याची शेड आप्पांची. आप्पा म्हणजे वैशालीचे सासरे. त्यांचे वडील मेंढरामागं रानोमाळ हिंडले आणि घोंगड्या विणल्या. आप्पांनी मेंढरं सोडली आणि सूत रंगवायला घेतलं. चाळीस वर्षं त्यांचं काम तांब्याच्या हंड्यांवर चाललं. खाली लाकडाचा जाळ, वर उकळतं रंगाचं पाणी, त्यात काठीवर टांगलेल्या सुताच्या लड्या आणि त्या लड्या सतत उलटसुलट करणारे घरच्यांचे हात. रंग सुंदर यायचा. पण आजच्यासारखा उद्या यायचा नाही. आज लाकूड ओलं, उद्या पाणी दोन बादल्या जास्त, परवा आप्पांना ताप. पुण्याच्या ज्या बाई त्यांच्याकडून लहान बाळांच्या दुपट्यांसाठी सूत रंगवून घ्यायच्या, त्यांनी शेवटी हात जोडले. म्हणाल्या, "आप्पा, तुमचा रंग मला आवडतो, पण अर्धं दुपटं एका रंगाचं आणि अर्धं दुसऱ्या रंगाचं मी कोणाला विकू?"

म्हणून मशीन आली. ती म्हणजे स्टीलची बंद पेटी. आत दांड्यांवर लड्या टांगायच्या. पंप रंगाचं पाणी लड्यांवरून फिरवत राहतो आणि पाणी किती तापवायचं, रंग पक्का बसवणारा सोडा कधी सोडायचा, हे बाहेरच्या पॅनलवर ठरवून द्यायचं. लाकूड नाही, धूर नाही, उकळत्या पाण्याजवळ हात नाही. ती गावच्या रंगारी सोसायटीच्या नावावर सरकारी योजनेतून मिळाली होती. सोसायटीचे चेअरमन तालुक्याच्या राजकारणातले. रंगाशी त्यांचा संबंध निवडणुकीच्या गुलालापुरता.

मशीन शिकायला कोण तयार आहे, असं मी पहिल्या दिवशी विचारलं तेव्हा सगळ्या पुरुषांनी एकमेकांकडे पाहिलं होतं. वैशाली पुढे आली. बारावी सायन्स, दोन वर्षं रांजणगावला पॅकिंगच्या लाइनवर काम केलेली. तिनं ते पॅनल असं आपलंसं केलं की मला दुसऱ्यांदा काही सांगावं लागलं नाही. आप्पांनी मात्र तिला अट घातली होती. "पयला लॉट दुपट्याच्या बाईंनी पास केला तर मशीन तुझी. न्हाई केला तर आपलं हांडं हायेतच, आन् तू माझ्यासंगं काठीला." तिच्या सासूबाईंचे हात मी पाहिले आहेत. वाफेनं आणि सोड्यानं सोलवटलेले, भाकरी भाजताना चटका बसला तरी न कळणारे. वैशालीला ते हात नको होते. यात चुकीचं काय, तुम्हीच सांगा.

आणि एवढी सगळी तयारी झाल्यावर मशीन बंद. का, तर उद्घाटन व्हायचंय! चेअरमनसाहेबांच्या हस्ते. साहेबांना वेळ नाही. इकडे पुण्याच्या बाईंचे फोन येतायत, सूत गोणीत पडून आहे, वीज आहे, पाणी आहे, शिकलेली माणसं आहेत, पण मशीनला हार घातल्याशिवाय बटण दाबायचं नाही. नवरी मांडवात आणि मुहूर्त मामाच्या खिशात. मी तेव्हाही तणतणले होते. पण शेवटी तारीख मिळाली. मी स्पष्ट सांगून ठेवलं होतं, उद्घाटनाला नुसतं पाणी फिरवून दाखवा, सूत घालू नका. ठरल्या वेळेला साहेब आले नाहीत. वाट पाहून पाहून मी दौंडच्या कामाला निघून आले. तो कालचा दिवस. आणि आज हिरवं सूत, म्हणजे मी नको म्हटलेलं सूत कोणीतरी घातलंच होतं.

शेडवर पोहोचले तर दारात मंडपाचे बांबू अजून तसेच होते. वैशाली बाहेर कांदाचाळीच्या सावलीत उभी होती. आप्पा आत खाटेवर. दांड्यांवर सूत लोंबत होतं आणि ते खरोखरच हिरवं होतं. आजारी माणसाच्या तोंडासारखं हिरवट.

"नमस्कार आप्पा. हिला आत येऊ द्या, मला विचारायचंय."

आप्पा जमिनीकडे बघत म्हणाले, "साहेबांनी सांगितलंय, चौकशी हुईस्तोवर न्हाई."

"चौकशी मीच करायला आलेय. तिच्याशिवाय काय भिंतीला विचारू?"

आप्पांच्या होकाराची वाट न बघता मी वैशालीला आत बोलावलं.

आम्ही सुरुवातीपासून पाहिलं. रंगाचा डबा तोच. सोडा तोच. पाणी आधी तपासून ठेवलेलंच. पॅनलवरचा प्रोग्रॅम जसा लावला होता तसाच चाललेला. मशीननं तिला सांगितलेलं काम इमानदारीनं केलं होतं. मग मी पंपाची गाळणी काढली. पाण्यातला कचरा पंपात जाऊ नये म्हणून एक स्टीलची जाळी असते, ती. जाळीला बोटभर जाड लगदा बसला होता, पिवळा. आणि लगद्यात काहीतरी पांढरं, टणक. मी बोटानं उकरून काढलं.

खोबऱ्याचा तुकडा!

एक नाही, मूठभर. मी तळहातावर ते खोबरं घेऊन उभी राहिले. वैशालीनं आप्पांकडे पाहिलं, आप्पांनी दाराकडे.

"हे काय आहे?"

"देवाचं हाय ते," आप्पा म्हणाले.

मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. भंडारा-खोबरं. खंडोबा यांचं कुलदैवत. घरात काही शुभ झालं की येळकोट करून भंडारा उधळायचा, सोबत खोबऱ्याचे तुकडे. माझ्या माहेरीही हेच दैवत आहे, लग्नात माझं कपाळ आठ दिवस पिवळं होतं. भंडारा म्हणजे हळद. आणि हळद म्हणजे रंग. नुसता रंग नाही, सुताला हाका मारून चिकटणारा रंग.

"वैशाली, काय झालं ते सगळं सांग."

ती आधी थांबत थांबत बोलली, मग एकदम धरण फुटल्यासारखी. साहेब आले ते दुपार कलल्यावर. मशीनमध्ये नुसतं पाणी फिरताना पाहून म्हणाले, रिकामी मशीन काय दाखवता, फोटोत काय दिसणार? सूत घाला. तिनं सांगितलं, मॅडम नको म्हणाल्यात. ते हसले. सूत घातलं. रंग सोडला, सोडा सोडला. सगळं व्यवस्थित चाललं होतं. मग साहेब म्हणाले, झाकण उघडा, देवाचा भंडारा मशीनला लागायला नको का?

"मी म्हणलं, साहेब, वरनं लावा की, बाहेरनं. तर म्हणले, बाहेर लावल्यावर बरकत आत कशी जाईल? त्यांनीच कडी काढली. मुठी भरभरून टाकला. मागनं बाकीच्यांनी बी टाकला. पाणी असं लाल झालं, मॅडम, बकरं कापल्यावाणी. मी म्हणलं बंद करते, सगळं सोडून देते. तर म्हणले, चालू राहू द्या, पावणं बघत्यात."

"आणि आज तुझ्यावर ढकललं?"

"सकाळी येऊन सूत बघितलं आन् म्हणले, बाईमाणसाच्या हातात मशीन दिल्यावर आणखी काय व्हणार."

मला इतका संताप आला की मी खोबऱ्याचा तुकडा मुठीत दाबला. आणि साहेबांइतकाच मला आप्पांचाही राग आला. माणूस तिथे उभा होता. सगळं डोळ्यांनी पाहिलं होतं. मग बोलला का नाही? त्याचं उत्तरही मला ठाऊक होतं, म्हणून राग जास्त. भंडाऱ्यानं सूत बिघडलं असं म्हणायचं म्हणजे देवाला बोल लावायचा. साहेबांनी बिघडवलं म्हणायचं म्हणजे सोसायटी हातची घालवायची. देव मोठा, साहेब मोठे. मग लहान कोण उरलं? सून आणि मशीन. दोघी नव्यानं आलेल्या, दोघींना परत पाठवता येतं.

चेअरमन संध्याकाळी आले. बरोबर दोन कार्यकर्ते. खुर्चीवर बसले, चहा घेतला आणि मला म्हणाले, "मॅडम, तुमच्या मशीनमध्ये दोष आहे. आमची माणसं साधी आहेत, त्यांना असली यंत्रं झेपायची नाहीत. परंपरा वेगळी आहे आमची."

परंपरा! हा शब्द मी पुण्याच्या वातानुकूलित हॉलमध्येही फार ऐकते. पारंपरिक रंगारी नवीन तंत्रज्ञान का स्वीकारत नाहीत, यावर तिथे दिवसभर चर्चा होतात, दुपारी जेवण असतं. सगळे माना डोलावतात, परंपरेचा पगडा. अहो, वैशालीनं आठवड्यात स्वीकारलं होतं की! 

मी एक पांढरी ताटली मागवली. तिच्यात पाणी, पाण्यात चमचाभर सोडा. आप्पांच्या देव्हाऱ्यातून, त्यांना विचारून, चिमूटभर भंडारा घेतला, कपाळाला लावला आणि उरलेला ताटलीत सोडला. पाणी लालभडक झालं. मग त्यात ॲसिटिक ॲसिडचे थेंब टाकले. रंग पक्का झाल्यावर सूत आंबट पाण्यातून काढतात, तेच हे. लाल पुन्हा पिवळं झालं.

"हळद सोड्यात लाल होते, आंबटात पिवळी," मी म्हटलं. "हळदीच्या डागाला साबण लावला की तो लाल होतो, हे घरातल्या कुठल्याही बाईला विचारा. आभाळी रंगावर पिवळा चढला की हिरवा होतो, हे बालवाडीतल्या पोराला विचारा. मशीनमध्ये दोष नाही. हिच्या हातात तर नाहीच नाही."

चेअरमन ताटलीकडे पाहत राहिले. मग हसले. राजकारणात मुरलेली माणसं अडचणीत आली की आधी हसतात. 

"म्हणजे मॅडम, तुम्ही खंडोबाला दोष देताय?"

कार्यकर्ते माझ्याकडे पाहायला लागले. आप्पांच्या तोंडचं पाणी पळालं.

"देवाला कशाला? देवानं कुठं झाकण उघडलं होतं?"

एक कार्यकर्ता खोकल्यासारखं करून बाहेर गेला. चेअरमननं कप खाली ठेवला. 

"बरं, असू द्या. पण सूत बिघडलंय हे तर खरं? दुपट्याच्या बाई येणार, त्यांना काय दाखवायचं? सूत नीट करून दाखवा, मशीन ठेवू. नाही झालं तर मशीन उचला, आणि या ताईंनी पुन्हा इथं हात लावायचा नाही."

म्हणजे बिघडवायचं यांनी, नीट करायचं आम्ही आणि नाही झालं तर शिक्षा वैशालीला. न्याय म्हणतात तो हाच! पण सूत नीट होणार हे मला माहीत होतं, म्हणून मी अट मान्य केली. हळदीची एक खोड आहे. ती घट्ट चिकटते, पण तिला ऊन सोसत नाही. आमचा आभाळी रंग मात्र उन्हात टिकणारा होता. आधी साबणाच्या गरम पाण्यातून सूत मशीनमध्येच धुवायचं, मग कडक उन्हात टांगायचं.

मी हे बोलले आणि आप्पा पहिल्यांदा आवाज चढवून उठले. 

"रंगीवलेलं सूत उन्हात? मॅडम, न्हाई जमायचं. सूत सावलीत वाळवायचं. हे मला माझ्या गुरूनं शिकीवलंय. ऊन रंग खातंय."

"तेच तर हवंय, आप्पा. हळद खाऊ दे."

"आन् आभाळी बी खाल्लं म्हंजी?"

त्यांची भीती खोटी नव्हती. चाळीस वर्षं पाळलेला नियम एका बाईच्या सांगण्यावरून मोडायचा, तोही आधीच बिघडलेल्या सुतावर. मी काही सांगायच्या आत वैशाली बोलली. "आप्पा, आमच्या बाळाच्या दुपट्याला हळदीदुधाचा डाग पडला तवा तुमीच म्हणला व्हता ना, उन्हात टाक, जाईल? दुपटं आभाळीच व्हतं. डाग गेला, आभाळी ऱ्हायलं."

आप्पा खाली बसले. मग म्हणाले, "रस्त्याकडंला नगं. उसाच्या ट्रॉल्यांचा फुफाटा बसतोय. कांदाचाळीच्या पल्याड बांबू रोवा."

मंडपाचेच बांबू उपसले. उद्घाटनाचा एवढाच खरा उपयोग झाला म्हणायचा. धुतलेल्या लड्या त्यांवर टांगल्या. मग सुरू झाला खरा कंटाळवाणा भाग, जो कुठल्याही योजनेच्या पत्रकात नसतो. ऊन एका अंगाला लागतं आणि आतला पदर तसाच हिरवा राहतो. म्हणून लड्या फिरवत राहायच्या, आतलं बाहेर, वरचं खाली. वैशाली आणि तिच्या सासूबाई ते करत होत्या. सासूबाई तेवढ्यात मला म्हणाल्या, "उन्हातलं काम बी बरं की वो. हात पोळत न्हाई." 

दुसऱ्या दिवशी आप्पाही उठून आले. एका टोकापासून लड्या फिरवायला लागले. बोटांनी असा झटका देत होते की लडी आपोआप उघडायची, मला आणि वैशालीला ते जमत नव्हतं. हळूहळू सुतातला हिरवेपणा विरत गेला. वैशाली मूळ आभाळी छटेच्या सुताचा तुकडा बंद डब्यात ठेवून होती, तो सारखा बाहेर काढून सुताला लावून बघायची. मी तिला रागावले, सारखं बघू नकोस, डोळा फसतो. तरी बघायचीच.

दुपट्याच्या बाई आल्या तेव्हा त्यांनी लडी हातात घेतली, खिडकीच्या उजेडात नेली, शेजारी दुसरी लडी धरली, मग तिसरी. आप्पांकडे पाहून म्हणाल्या, "आप्पा, तिन्ही सारख्या?"

"सूनबाईनं केल्यात," आप्पा म्हणाले.

बाईंनी लॉट पास केला आणि पुढचा दिला. त्यानंतरचा प्रत्येक लॉट पहिल्यासारखाच आला. हंड्याखालचा जाळ विझला. बाईंच्या ओळखीतून आणखी दोन गिऱ्हाइकं लागली, त्यांना वर्षभर एकच छटा हवी असते आणि ती त्यांना मिळते.

तुम्हाला वाटेल, गोष्ट इथे गोड झाली. मलाही वाटलं होतं. मग शिरूरला एक कार्यक्रम झाला, त्यात आमच्या चेअरमनचा सत्कार. पारंपरिक व्यवसायात आधुनिक तंत्रज्ञान आणल्याबद्दल. भाषणात ते म्हणाले की आमच्या मशीनचा रंग कडक उन्हातसुद्धा उडत नाही, आम्ही स्वतः चाचणी घेतली आहे. टाळ्या पडल्या. वैशाली शेवटच्या रांगेत होती. तिचं नाव कोणी घेतलं नाही. मी उठून उभी राहणार होते, तिनंच माझा पदर ओढून मला बसवलं. आजही ते आठवलं की माझ्या अंगाची लाही होते.

खंडेनवमीला मला शेडवर बोलावणं आलं. त्या दिवशी सगळीकडे यंत्रांची पूजा असते. मशीन स्वच्छ पुसलेली, हार घातलेली, आत एक लॉट चालू. वैशाली पॅनलजवळ. चेअरमन आले, सोबत तेच कार्यकर्ते, ताटात भंडारा आणि खोबरं. येळकोट झाला. साहेबांनी मूठ भरली आणि सवयीनं दुसरा हात झाकणाच्या कडीकडे गेला.

आप्पांनी त्या कडीवर आपला पंजा ठेवला.

"साहेब, भंडारा हितं," ते म्हणाले आणि त्यांनी कपाळ पुढे केलं. "आन् झाकण उघडायचं आसंल तर आमच्या ऑपरेटरला इचारा."

साहेबांनी वैशालीकडे पाहिलं. वैशालीनं पॅनलकडे पाहिलं आणि म्हणाली, "आत्ता न्हाई उघडता यायचं, साहेब. सोडा चालू हाय."

साहेबांनी मूठ आप्पांच्या कपाळावर रिकामी केली. आप्पांचं तोंड, मिशा, पांढरा सदरा, सगळं पिवळं. ते तसेच उभे राहिले, कडीवरचा हात न काढता.

तेव्हापासून मशीन सोपवताना मी दोन गोष्टी सांगते. उद्घाटन साध्या पाण्यावर करा, आणि झाकणाच्या कडीला कुलूप घालून किल्ली मशीन चालवणाऱ्याकडे द्या. पहिली गोष्ट आता सगळे ऐकतात. दुसरी सांगितली की विचारतात, चालवणार कोण आहे? मी नाव सांगते, ते बहुधा कुठल्यातरी सुनेचं असतं. मग म्हणतात, किल्ली तूर्त साहेबांकडे राहू द्या.